गाळ कुणाचा, मुरूम कुणाचा

एप्रिल २०२५ मधली शनिवारची सकाळ. मी पुण्यात चहाचा कप घेऊन लॅपटॉप उघडून बसलो होतो (ऑफिसचं काम नाही हो, वीकांताला ते पाप आहे), तेवढ्यात गावाहून तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे चुलते. आमचं गाव बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या माथ्यावर.

"तू इंजिनेर हैस नव्हं? मंग सांग, तळ्यातला मुरूम रोडला द्यावा का न्हाई?"

मी इंजिनिअर आहे हे खरं, पण कॉम्प्युटरचा. गावाकडे हा फरक कुणी मानत नाही. मोटार जळाली, मोबाइल हँग झाला, घराला तडा गेला, विचारा त्याला! चार वर्षं फी भरली आहे त्याची. असो.

तर झालं असं होतं, की जवळच एका रस्त्याचं काम निघालं होतं आणि कंत्राटदाराचा माणूस ग्रामपंचायतीत येऊन गेला होता. म्हणे, तुमचा पाझर तलाव आम्ही फुकट खोल करून देतो. तळातला मुरूम आम्हाला द्या. ना तुम्ही आम्हाला पैसे द्यायचे, ना आम्ही तुम्हाला. अर्धं गाव खूश. उरलेलं अर्धं म्हणत होतं की हे लोक तळ्याची वाट लावणार. आठ दिवसांनी ग्रामसभा होती.

मागून आजीचा आवाज ऐकू आला. तात्यांनी स्पीकर लावला असावा. "त्याला इचार, ते तळं कुणी वाहिलंय डोक्यावर."

हा लेख तिथून सुरू झाला. पुढचे तीन-चार वीकांत मी वाचत बसलो, गावी जाऊन आलो आणि घरात रॉकेलचा वास करून ठेवला. (ते पुढे येईल.)

आधी तळ्याचा जन्म. ते १९७२-७३ सालचं आहे. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल आपल्या पिढीला एवढंच माहीत असतं की घरातले म्हातारे अन्न टाकलं की त्याचं नाव काढतात. मला वाचताना धक्का बसला तो आकड्यांचा. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सरकारी दुष्काळी कामांवर एकाच वेळी जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. पन्नास लाख! पोकलेन नाही, जेसीबी नाही. टिकाव, फावडं, घमेलं आणि मुकादमाचं मस्टर. त्या माणसांनी काय केलं? प्रामुख्यानं दोन गोष्टी. माती उकरून तळी आणि बंधारे बांधले, आणि दगड फोडून रस्त्यांसाठी खडी केली.

आजी दोन्हीकडे होती. तेव्हा ती विशीतली, आणि माझे बाबा कडेवर. आधी काही महिने खडी फोडायला, मग तळ्यावर.

"खडीवर जास्त तरास. बोटाला चिंध्या बांधायच्या, तरी बी रगत यायचंच. तळ्यावर आपलं बरं. माती उचलायची अन् टाकायची."

मी विचारलं, मग त्या खडीचा रस्ता कुठला झाला?

"कुठला रोड लेकरा? ढीग लावले. मोजून घेतले. ढीग तिथंच व्हते कितीक वर्षं. पोरं त्यावर खेळायची."

ही फक्त आमच्या गावाची कथा नाही. त्या काळातल्या खडीबद्दल राज्यभर हेच ऐकायला मिळतं. सरकारला दोष द्यायचा तर देता येईल, पण मला तो तितकासा पटत नाही. उद्देश रस्ता नव्हताच, लोकांच्या हाताला काम आणि पोटाला मजुरी मिळणं हा होता. शिवाय ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात माणसं अशीच खडी फोडायला आणि तलाव खणायला बसवली होती. साताऱ्याकडचा म्हसवडचा तलाव त्यातलाच. (आमचं बीड तेव्हा निजामाकडे, त्यामुळे तिथला हिशेब वेगळा.) बहात्तरच्या कामांचा मात्र एक मोठा फायदा झाला. वि. स. पागे यांच्या डोक्यातली रोजगार हमी योजना त्यातून पक्की झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशभराचा कायदा यायला २००५ उजाडलं.

पण मला इथे दुसरीच गोष्ट खटकली. एकाच शिवारात, त्याच बायका, एका महिन्यात रस्त्याचं सामान करत होत्या आणि दुसऱ्या महिन्यात तळ्यातून माती काढत होत्या. कागदावर मात्र ही दोन वेगळी कामं होती. रस्त्याचं मस्टर वेगळं, तळ्याचं वेगळं. तळ्यातून निघालेलं रस्त्याला घालावं, हा जोड कुठेच नव्हता. तो यायला पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली.

आता थोडं जमिनीखाली जाऊ. हे कळल्याशिवाय तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

आपला बहुतेक मराठवाडा काळ्या कातळावर बसला आहे. तो कातळ वरून झिजत, कुजत गेला की आधी मुरूम होतो आणि तो आणखी हजारो वर्षं कुजला की काळी माती होते. म्हणजे दगड, मुरूम आणि माती ही एकाच घरातली तीन भावंडं. बालाघाटच्या माथ्यावर उतार असल्यामुळे माती टिकत नाही, वाहून खाली जाते. म्हणून आमच्याकडे वीतभर माती आणि खाली मुरूम. आमच्याच तालुक्यात उगम पावणारी मांजरा आणि तिच्या बहिणी ती माती खाली नेतात. गेवराई-माजलगावकडे उतरलात की तीच काळी माती पुरुषभर खोल.

शेतकऱ्याला काळी माती म्हणजे सोनं, पण रस्तेवाल्यासाठी ती शत्रू आहे. कारण ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या ह्याच्यामुळेच. अशा मातीवर डांबर टाकलं तर दोन-तीन पावसाळ्यांत रस्त्याच्या लाटा होतात. मुरूम याच्या उलट. तो फुगत नाही, दाबला की घट्ट बसतो आणि पाणी खाली जाऊ देतो. शेताला निरुपयोगी, रस्त्याला उत्तम.

म्हणजे बघा, डोंगरावरच्या शेतकऱ्याला काळी माती हवी, आणि खालून जाणाऱ्या रस्त्याला डोंगरावरचा मुरूम हवा. पाझर तलावाच्या खड्ड्यात ह्या दोन्ही गोष्टी एकावर एक ठेवलेल्या आहेत! वर पन्नास वर्षं वाहून आलेला गाळ, त्याखाली मुरूम.

पाझर तलाव हा प्रकार मुळात साठवणुकीचा नाहीच. नावातच आहे, पाझर. पाणी अडवायचं, ते तळातल्या मुरमातून झिरपू द्यायचं आणि खालच्या विहिरींना काढायचं. त्या तळावर गाळाचा थर बसला की तो प्लास्टिकच्या कागदासारखा काम करतो. पाणी वर दिसतं, लोक खूश होतात, पण ते निम्मं उन्हानं उडून जातं आणि विहिरी कोरड्याच. तात्या सांगतात, त्यांच्या लहानपणी तळं दिवाळीनंतर लवकर आटायचं पण विहिरीला मार्चपर्यंत पाणी असायचं. आता तळ्यात फेब्रुवारीपर्यंत पाणी दिसतं आणि विहीर जानेवारीतच तळ दाखवते. मला हे आधी उलटं वाटलं होतं. आता कळलं.

आता रॉकेलचं प्रकरण.

माती किती फुगते हे मोजायची आपल्याकडे एक अतिशय सोपी चाचणी आहे, भारतीय मानकात दिलेली. माती वाळवून चाळायची (चाळणी ४२५ मायक्रॉनची). दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे. एक भाग शुद्ध पाणी भरलेल्या मोजनळीत टाकायचा, दुसरा रॉकेल भरलेल्या मोजनळीत. चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हीतला फरक काढून रॉकेलच्या आकड्यानं भागायचा आणि शंभरानं गुणायचं. बस्स! उत्तर पन्नास टक्क्यांच्या वर गेलं, तर केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या नियमांप्रमाणे ती माती भरावात वापरता येत नाही.

गावी गेलो तेव्हा तळ्यातून दोन पिशव्या भरून आणल्या, एक गाळाची आणि एक मुरमाची. मोजनळ्या आप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बाजूला मिळाल्या. रॉकेल मिळवणं हे मात्र आजकाल दिव्यच आहे. आजीनं दिवाबत्तीसाठी जपून ठेवलेली बाटली दिली. "कशाला पायजेल?" म्हणाली. माती भिजवायला म्हटल्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. :-)

निकाल असा. गाळ रॉकेलमध्ये ११ मिलिलिटर, पाण्यात १९. म्हणजे जवळपास ७३ टक्के, नापास. मुरूम १० आणि साडेदहा, म्हणजे ५ टक्के. एकाच खड्ड्यातून, चार फुटांच्या अंतरानं निघालेल्या दोन गोष्टी. (प्रयोगशाळेचा दावा नाही. खिडकीच्या कट्ट्यावर केलेलं आहे आणि बायकोनं एकदा नळी हलवली होती.)

मग मी तिसरा प्रयोग केला. गाळात थोडी चुन्याची निवळी नाही, चांगला पाच टक्के चुना मिसळला, ओला करून आठवडाभर डब्यात बंद ठेवला, वाळवला, चाळला आणि पुन्हा नळ्यांत टाकला. आता रॉकेलमध्ये ११, पाण्यात १३. ७३ चे १८ टक्के झाले! मातीचे कण म्हणजे वहीच्या पानांसारखे पातळ पापुद्रे असतात, त्यांच्यामध्ये पाणी शिरतं म्हणून माती फुगते. चुन्यातलं कॅल्शियम ही पानं एकमेकांना चिकटवून टाकतं. आणि चुना पुरेसा असेल तर पुढे काही महिने आतल्या आत सिमेंटसारखी क्रिया चालू राहते. यात औष्णिक केंद्राची राख घातली तर अजून बरं, आणि ती राख तर बीड जिल्ह्यातच आहे, परळीला. १९७१ पासून तिथे कोळसा जळतो आहे. (दैवाचा खेळ असा की जुलै २०१५ मध्ये ते केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा होता, पाणी नव्हतं.)

म्हणजे गाळ "सुधारून" रस्त्याला वापरता येतो. जगात हे चालूही आहे. फ्रान्समध्ये डंकर्क बंदरातून जहाजांसाठी उपसलेला समुद्राचा गाळ चुना-सिमेंटनं मुरवून २०१२ साली तिथे रस्त्याचा एक तुकडा बांधला गेला. हे वाचून मला आधी खूप भारी वाटलं. तात्यांना फोन करून सांगणारही होतो. मग लक्षात आलं, अरे, त्यांच्या गाळात बंदराची घाण आहे, तो शेतात टाकता येत नाही, समुद्रात परत टाकायलाही बंधनं. म्हणून ते त्याचा रस्ता करतात. आमच्या गाळात काय आहे? आमच्याच शेतातून वाहून गेलेली माती. ती चुना घालून डांबराखाली पुरणं म्हणजे बासुंदीनं भिंत सारवण्यासारखं आहे. ज्याला शेत नको म्हणतं, त्यालाच रस्त्याकडे पाठवावं. बाकी आधी शेतात.

गाळात काय आहे हे न बघता अंदाजपत्रक केलं की काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात महागडं उदाहरण मुंबईत आहे. मला ते योगायोगानंच सापडलं. क्लायंटच्या ऑफिसला गेलो की मी बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारतींतून चालत जातो. ती जागा पूर्वी पाण्यात होती. शेजारी अलेक्झांड्रा गोदी (आताची इंदिरा गोदी) खणली, त्यातून निघालेलं सामान भरावाला टाकलं आणि १९१४ ते १८ च्या दरम्यान हा अख्खा भाग उभा राहिला. शंभर वर्षं झाली, काही बिघडलं नाही.

हे बघून असेल कदाचित, १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात सरकारनं बॅक बेचा मोठा घाट घातला. समुद्रात भिंत बांधायची, बंदराच्या तळाचा गाळ ड्रेजरनं उपसायचा, पाइपातून आणून भिंतीच्या आत सोडायचा आणि ११४५ एकर नवी जमीन करायची. पण तळाशी घट्ट चिकणमाती जेवढी गृहीत धरली होती तेवढी निघाली नाही, पातळ चिखलच जास्त. तो भिंतीच्या फटींतून परत समुद्रात जायचा. खर्च वाढत गेला, लोक "लॉइडचा मूर्खपणा" म्हणायला लागले. १९२६ मध्ये चौकशी समिती बसली. के. एफ. नरिमन यांनी हे प्रकरण लावून धरलं, त्यांच्यावर एका इंजिनिअरनं बदनामीचा खटला भरला आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. मुंबईचा नरिमन पॉइंट त्यांच्याच नावाचा आहे. शेवटी ठरलेल्या जमिनीच्या निम्म्याहून कमीच जमीन झाली.

एकाच बंदराच्या दोन बाजू. एकीकडे गोदीतून खणलेलं घट्ट सामान, दुसरीकडे तळाचा चिखल. आमच्या तळ्यातही हेच दोन थर आहेत, फक्त एकर कमी आहेत.

परत बीडकडे. बहात्तरनंतर लोक म्हणायचे की तेव्हा अन्न नव्हतं पण पाणी होतं. अलीकडचे दुष्काळ उलटे आले. २०१६ मध्ये केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. कोरडी पडलेली धरणं पाहिल्यावर लोकांना त्यातला गाळ दिसला. ६ मे २०१७ ला राज्य सरकारनं "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेचा निर्णय काढला. त्यात शेतकऱ्याला गाळ फुकट, वाहतूक मात्र त्याच्या खर्चानं. २०२३ मध्ये योजना पुन्हा नव्यानं आली तेव्हा लहान शेतकऱ्यांना अडीच एकरांपर्यंत जास्तीत जास्त ३७,५०० रुपयांचं अनुदान जोडलं गेलं.

साधारण त्याच सुमारास बुलढाणा जिल्ह्यात तो राहून गेलेला जोड कुणीतरी लावला. महामार्ग रुंद करायला माती-मुरूम लागतोच. तो डोंगर फोडून आणण्याऐवजी तळी आणि नाले खोल करून घ्यायचा. रस्त्याला सामान, गावाला खड्डा, खड्ड्यात पाणी. याला "बुलढाणा पॅटर्न" म्हणायला लागले आणि नीती आयोगानंही त्याची दखल घेतली. एप्रिल २०२२ मध्ये देशात प्रत्येक जिल्ह्यात ७५ अमृत सरोवरं करायचं ठरलं, तेव्हा त्यातून निघणारी माती रस्ते आणि रेल्वेच्या कामांना वापरा असं सांगण्यात आलं, ते ह्याच धाग्यातलं.

कल्पना मला मनापासून आवडली. आमच्या सोलापूर-धुळे महामार्गाचं (जुना २११, आता ५२) चौपदरीकरण चालू असताना बसच्या खिडकीतून अर्धी कापलेली टेकडं मी स्वतः पाहिली आहेत. ती परत उगवणार नाहीत. तळं निदान खोल तरी होतं. आणि आकडे बघा. समजा एक किलोमीटर रस्त्याला एक मीटर उंच भराव घालायचा आहे. वर १२ मीटर रुंद, खाली १६, सरासरी १४. म्हणजे १४,००० घनमीटर. आपल्या भाषेत साधारण ४,९५० ब्रास. एवढा खड्डा तळ्यात झाला तर त्यात १ कोटी ४० लाख लिटर पाणी मावतं. दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज चाळीस लिटर धरले तर १७५ दिवसांचं पाणी. उडालेलं, झिरपलेलं सोडून द्या, तरी एक किलोमीटर रस्त्याच्या बदल्यात हे वाईट नाही!

पण (हा "पण" मी तात्यांना फोनवर अर्धा तास समजावला) हे सगळं क्रमावर अवलंबून आहे. कंत्राटदाराला मुरूम हवा, गाळ नको. त्याच्या दृष्टीनं गाळ म्हणजे वरचा कचरा. तो काय करणार? गाळ बाजूला ढकलणार, खालचा मुरूम उचलून हायवात भरणार. पहिल्या पावसात बाजूचा गाळ परत खड्ड्यात, आणि यावेळी मुरमाचा थर पातळ झालेला. शिवाय मुरूम सगळ्यात सोयीचा कुठे मिळतो? बांधाजवळ, कारण गाडी तिथपर्यंत जाते. आणि बांधाच्या पायथ्याशी खणणं म्हणजे घराच्या जोत्याखालची माती काढणं.

तेव्हा मी सांगितलं ते एवढंच. मुरूम द्या, पण आधी गाळ शेतात जाऊ द्या. बांधापासून लांब, वरच्या अंगाला खणू द्या. थोडा मुरूम तळाला राहू द्या. आणि हे सगळं खडूनं फळ्यावर नको, ठरावात लिहून घ्या.

ग्रामसभा झाली. तात्या म्हणाले, "लई भांडणं झाली, पण लिवलं." ठराव जवळपास असाच झाला. काम मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं. मी एक दिवस सुट्टी टाकून बघायला गेलो. एका बाजूला पोकलेन गाळ भरत होतं आणि ट्रॅक्टरची रांग लागली होती. आजीला मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. ती बांधावर उभी राहून बघत होती. एका बकेटमध्ये किती घमेली जातात ते तिनं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"आमी शंभर बायका दिसभर वाहायचो तेवढं ह्यानं च्या प्यायच्या आत उचललं," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पर आमाला हजेरी मिळायची."

ही गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. ठरावात लिहिलं होतं की गाळ आधी शेतात, पण कुणाच्या शेतात ते लिहिलं नव्हतं. ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याला गाळ. तात्यांनी भाड्यानं ट्रॅक्टर लावून दीड एकर भरून घेतलं, डिझेलला पैसे मोजून. आमच्या शेजारी एक बाई आहेत, नवरा नाही, पाऊण एकर मुरमाड रान. बहात्तरला त्यांची सासू आजीच्या बरोबर तळ्यावर होती. त्यांच्या रानात एकही खेप पडली नाही. अनुदान आहे, पण ते खेपा टाकून, मोजून, कागद झाल्यावर. आधी गाडीभाडं कुणी द्यायचं? तात्यांना मी म्हटलं, चार खेपा तिकडे टाकू. ते हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी टाकायच्या ठरल्या.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. २०२५ चा मे तुम्हाला आठवत असेल, अख्ख्या राज्यात अवकाळीनं धुमाकूळ घातला आणि मान्सूनही वेळेच्या फार आधी येऊन टपकला. तळ्यात चिखल झाला, यंत्रं निघून गेली. साधारण निम्मा गाळ निघाला होता. मुरूम तर थोडाच गेला. रस्तेवाल्यांनी उरलेला दुसरीकडून आणला असणार, बहुधा कुठलंतरी टेकाड कापून.

तरीही जुलैत तात्यांच्या भरलेल्या दीड एकरात कापूस असा उठला की ते रोज फोटो पाठवायला लागले. विहिरीलाही पाणी लवकर वाढलं म्हणत होते, पण त्या वर्षी पाऊसच इतका, की त्याचं श्रेय गाळ काढण्याला द्यावं की आभाळाला, हे सांगता येत नाही.

मग सप्टेंबर आला. मराठवाड्यातला तो पूर तुम्ही पेपरात वाचलाच असेल. सिंदफणेनं खालची गावं बुडवली. आमच्या माथ्यावर पूर नाही, पण ढगफुटीसारखा पाऊस आणि उतार. तात्यांचं अर्धं रान खरवडून गेलं. मेमध्ये पैसे देऊन आणलेली माती, कपाशीसकट, ओढ्यातून थेट तळ्यात परत. सरकारनं ऑक्टोबरमध्ये खरडून गेलेल्या जमिनींसाठी हेक्टरी मदत जाहीर केली, पंचनामा झाला. तळ्यात परत गेलेल्या मातीचा पंचनामा कोण करणार?

शेजारच्या बाईंचं पाऊण एकर मात्र जसंच्या तसं राहिलं. वाहून जायला त्यात काही नव्हतंच.

दिवाळीत गेलो तेव्हा तळं काठोकाठ होतं. तात्या म्हणाले, येत्या उन्हाळ्यात परत काढायचा गाळ, पण या खेपेला आधी रानाचे बांध घालून घ्यायचे, आणि पहिल्या वीस खेपा शेजारी. ते ठरावात लिहायचं म्हणताहेत. मी काठावरून एक पिशवी भरून आणली आहे, नव्यानं आलेल्या गाळाची. रॉकेल संपत आलं आहे. आजीकडे अजून अर्धी बाटली आहे, पण ती म्हणते, आधीचं सांग, त्या भिजवलेल्या मातीचं केलंस काय?

कुंडीत टाकली आहे. चुन्याची नाही, साधी.